थकवणे म्हणजे घडवणे नव्हे : एमएमए लढवय्यांची ताकद आणि दम

१३ जून २०१५ रोजी मेक्सिको सिटीत यूएफसी या व्यावसायिक लढती भरवणाऱ्या संस्थेच्या हेवीवेट विजेतेपदाची लढत झाली. तोवरचा विजेता केन वेलास्केझ हा त्या काळी हेवीवेट गटातला सर्वांत दमदार लढवय्या मानला जाई. पहिल्या क्षणापासून प्रतिस्पर्ध्यावर चाल करून जायचे आणि अखेरपर्यंत त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, ही त्याची ख्याती होती. पण समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या त्या शहरात पहिल्याच फेरीनंतर त्याचा दम उखडू लागला. ब्राझीलचा फाब्रिसियो वेर्दुम मात्र कित्येक आठवडे आधीच मेक्सिकोच्या उंच भागात मुक्कामाला येऊन सराव करत होता. तिसऱ्या फेरीत वेलास्केझ पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आत घुसला, वेर्दुमने त्याची मान काखेत अडकवली आणि विजेतेपद एका हातातून दुसऱ्या हाती गेले.

वेलास्केझने मेहनत कमी केली होती असे कुणीच म्हणणार नाही. दमासाठी नावाजलेला माणूस दमावरच हरतो, याचा अर्थ एवढाच की शरीर ज्याच्यासाठी तयार केले जाते त्याच्यासाठीच ते तयार होते आणि त्या तयारीला लागायचा तो वेळ लागतोच. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, लढवय्याला किती ताकद हवी, कोणता दम हवा, तो कसा मिळवावा आणि त्यासाठी कोणती किंमत मोजू नये, या प्रश्नांवर गेल्या तीस वर्षांत पुष्कळ प्रयोग झाले. त्या सगळ्यांचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येते. या खेळात घाम गाळणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. उणीव आहे ती मेहनतीच्या हिशेबाची.

खेळ शरीराकडून काय मागतो

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते. अंगाने सडपातळ रॉईस ग्रेसीने आपल्यापेक्षा धिप्पाड माणसांना जमिनीवर नेऊन शरण आणले. तंत्रापुढे ताकद फिकी, असा धडा त्यातून अनेकांनी घेतला. पण तो धडा बाकीच्यांना जमिनीवरची लढत येत नव्हती तोवरच खरा होता. पुढे सगळ्यांनीच जुजुत्सू, कुस्ती आणि किकबॉक्सिंग शिकून घेतले. तंत्राची दरी बुजत गेली तशी ताकद आणि दम यांची किंमत पुन्हा वाढली.

२००० च्या सुमारास न्यू जर्सीत एकसमान नियमांनी आकार घेतला. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदासाठी पाच आणि मध्ये एक-एक मिनिटाची विश्रांती. म्हणजे जास्तीत जास्त पंधरा किंवा पंचवीस मिनिटांची लढत. या मिनिटांत नेमके काय घडते, हे ब्राझीलच्या संशोधकांनी लढतींची चित्रफीत सेकंदासेकंदाने पाहून मोजले. जोराचे झटके काही सेकंदांचेच असतात. त्यांच्यामध्ये फिरणे, अंदाज घेणे, पिंजऱ्याच्या जाळीला टेकून धरून ठेवणे असा मंद काळ असतो. जोराचा काळ आणि मंद काळ यांचे प्रमाण ढोबळमानाने १:२ ते १:४ भरते.

शरीरात याचा अर्थ असा होतो. पहिल्या काही सेकंदांच्या झटक्याला स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन ऊर्जा पुरवते. झटका लांबला, एकामागून एक पट काढावे लागले, की साखरेचे ऑक्सिजनविना विघटन सुरू होते आणि रक्तातले लॅक्टेट चढते. विश्रांतीच्या अवस्थेत ते लिटरमागे एक-दोन मिलीमोल असते. लढतीनंतर १० ते २० च्या दरम्यानचे आकडे नोंदले गेले आहेत. पण संपलेले फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरून काढण्याचे काम ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणाच करते. दोन झटक्यांमधल्या वीस सेकंदांत आणि दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात लढवय्या किती सावरतो, हे तिच्यावर ठरते. म्हणून झटक्यांच्या या खेळाचा पाया मात्र लांब पल्ल्याच्या दमाचा असतो.

ताकद : जड उचलणे आणि झटकन सोडणे

ऑस्ट्रेलियाच्या लॅकलन जेम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लढाऊ खेळांवरच्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला. कुस्ती आणि ज्यूदोसारख्या पकडीच्या खेळांत वरच्या दर्जाचे खेळाडू कमाल ताकदीत आणि तीव्र, थोड्या वेळच्या कामात उजवे ठरतात. ठोसे आणि लाथांच्या खेळांत यश मिळवणाऱ्यांची ऑक्सिजनवरची क्षमता अधिक विकसित असते. एमएमएला दोन्ही लागते, आणि प्रशिक्षकाची खरी अडचण इथूनच सुरू होते.

ठोसा हाताने मारला जात असला तरी त्याचा जोर जमिनीतून येतो. पाय जमीन ढकलतात, कंबर वळते, धड तो जोर वर नेते आणि मूठ तो पोचवते. ठोसा लागायला सेकंदाचा अंशच लागतो, तर स्नायूला पूर्ण ताकद उभी करायला साधारण तीनदशांश सेकंद किंवा अधिक. म्हणजे नुसती कमाल ताकद वाढवून भागत नाही, ती वेगाने उभी राहावी लागते. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० मध्ये एमएमए लढवय्यांच्या स्नायूंचे विद्युतसंकेत मोजले, तेव्हा एक सुंदर गोष्ट दिसली. प्रहाराच्या सुरुवातीला धडाचे स्नायू एकदा आवळतात, मधल्या प्रवासात सैल पडतात आणि आघाताच्या क्षणी पुन्हा आवळतात. मधल्या सैलपणात वेग येतो, दुसऱ्या आवळण्याने सारे अंग त्या ठोशामागे उभे राहते. चांगला लढवय्या जितका आवळायला शिकतो तितकाच सैल पडायलाही शिकतो, असे या मोजमापातून म्हणता येते.

यातून निघणारे व्यायाम साधे आहेत. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप आणि रोइंग यांनी कमाल ताकद येते. मोजकी आवर्तने, भरपूर वजन आणि पुरती विश्रांती ही त्याची रीत. उड्या, मेडिसिन बॉल भिंतीवर फेकणे, हलक्या वजनाची वेगवान उचल यांनी ती ताकद वेगात उतरते. जाळीला टेकून धरून ठेवण्यासाठी आणि खालच्याला दाबून ठेवण्यासाठी हालचाल न करता जोर लावण्याचा सराव लागतो. पकडीसाठी दोर चढणे आणि जड वजन हातात घेऊन चालणे पुरते.

मानेकडे मात्र अजून पुरेसे लक्ष जात नाही. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात ज्यांची मान मजबूत, त्यांना डोक्याचा मार लागून मेंदू हादरण्याचे प्रमाण कमी आढळले. तो अभ्यास फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांचा होता. जबड्यावर बसणाऱ्या ठोशाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही मान कमावण्याचा खर्च इतका कमी आहे की तो टाळायला काही कारणच नाही.

याउलट, दिसायला लढतीसारखे पण उपयोगाला उणे असे व्यायाम बरेच बोकाळले आहेत. हातात डंबेल घेऊन हवेत ठोसे मारणे हे त्यातले ठळक उदाहरण. डंबेलचे वजन खाली ओढते, ठोसा पुढे जातो. म्हणजे खांदा वजन तोलण्यात थकतो आणि ठोशाच्या दिशेला प्रतिकार मिळतच नाही. वर ठोशाची घडी विस्कटते ती वेगळीच. लढतीचे तंत्र लढतीच्या सरावात घोटावे. व्यायामशाळेत त्या तंत्रामागचे इंजिन वाढवावे.

दम : मंद कामाची पुनर्स्थापना

सुरुवातीच्या काळात एमएमएचा दम म्हणजे ओकारी येईपर्यंतचा व्यायाम असे समीकरण होते. टायर उलटवणे, घणाचे घाव, दोरांचे फटके आणि बर्पी एकापाठोपाठ एक, श्वास घ्यायला सवड न देता. त्याला शास्त्राचा आधार म्हणून जपानच्या इझुमी टाबाटा यांच्या १९९६ च्या प्रयोगाचे नाव घेतले जाई. २० सेकंद काम, १० सेकंद विश्रांती. पण मूळ प्रयोगात हे काम सायकलवर, कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या १७० टक्के तीव्रतेने होते आणि सात-आठ आवर्तनांत माणूस संपत असे. बर्पी आणि बैठकांचा चार मिनिटांचा खेळ हा तो प्रयोग नव्हे.

अमेरिकेतले प्रशिक्षक जोएल जेमिसन यांनी २००९ मध्ये एमएमएच्या कंडिशनिंगवर पुस्तक लिहिले. त्यांचा भर हृदयाचे ठोके मोजून, मध्यम गतीने, बराच वेळ काम करण्यावर होता. त्यामागचे तर्कशास्त्र आज पक्के वाटते. लढवय्याच्या आठवड्यात स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, असते, पॅडवर्क असते, कुस्तीचे दम काढणारे डाव असतात. जास्त तीव्रतेचे काम तिथे आपोआप, तेही खेळाच्या खऱ्या हालचालींत होते. त्यावर कंडिशनिंगच्या नावाने आणखी तसलेच काम लादले, तर माणूस फक्त थकतो. जे सरावात होत नाही ते आधी भरून काढायला हवे : बोलता येईल अशा गतीने तीस-चाळीस मिनिटे धावणे, पोहणे किंवा सायकल. त्यातून हृदयाचा एका ठोक्यातला रक्तपुरवठा वाढतो, झटक्यानंतर सावरायला कमी वेळ लागतो आणि रात्रीची झोपही सुधारते. तीव्र झटक्यांचा वेगळा व्यायाम लढत जवळ आल्यावर, मोजून द्यावा.

ताकद आणि दम एकत्र वाढवताना एक धोका असतो. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवले की दोन्ही भरपूर प्रमाणात एकदम केले, तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ थांबते आणि घसरूही लागते. यावर उपाय अनेक आहेत : दोन सत्रांमध्ये काही तासांचे अंतर, एका टप्प्यात एकाच गुणावर भर, दुसरा फक्त राखणे. चांगली बाजू ही की एकदा कमावलेली ताकद राखायला आठवड्यातून एखादे, पण वजनदार, सत्रही पुरते.

खाते एकच असते

संपूर्ण प्रश्नाचा गाभा इथे आहे. कुस्तीचा वस्ताद, बॉक्सिंगचा प्रशिक्षक, जुजुत्सूचा शिक्षक आणि व्यायामशाळेतला कोच हे चौघे एकाच शरीरातून रक्कम काढत असतात, आणि खाते एकच असते. प्रत्येकाला आपली रक्कम वाजवी वाटते. बेरीज कुणी करत नाही.

ब्रिटनमधल्या क्रिस्टोफर कर्क आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एमएमए लढवय्यांच्या आठ आठवड्यांच्या सरावाचा भार मोजला. आढळले ते विचार करायला लावणारे आहे. आठवड्यागणिक भारात नियोजनबद्ध चढउतार जवळपास नव्हतेच. लढत असो वा नसो, सराव तसाच चालू राहायचा आणि लढतीच्या आठवड्यात तो अचानक कोसळायचा. याउलट इतर सहनशक्तीच्या खेळांवरील संशोधन सांगते की स्पर्धेआधी सुमारे दोन आठवडे तीव्रता राखून कामाचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांनी उतरवले, तर कामगिरी सुधारते. एमएमएचे तयारी-शिबिर साधारण आठ ते बारा आठवड्यांचे असते. एवढ्या वेळात हे नियोजन सहज बसते. अचानक आलेल्या लढतीचे वेगळे. म्हणूनच लढत ठरलेली नसतानाचे महिने कमाल ताकद आणि दमाचा पाया रचायला वापरावेत.

बेरीज करण्याची सोपी रीत कार्ल फॉस्टर यांनी दिली आहे. सत्र संपल्यावर लढवय्याने ते किती जड गेले याला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि ते सत्राच्या मिनिटांनी गुणायचे. चारही प्रशिक्षकांचे आकडे एका वहीत लिहिले, की आठवड्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. यासाठी यंत्र लागत नाही. लागतो तो एकमेकांशी बोलण्याचा समंजसपणा.

या हिशेबात सर्वांत महाग रक्कम डोक्यावरच्या ठोशांची. टोरोंटोच्या संशोधकांनी २००६ ते २०१२ मधल्या यूएफसीच्या ८४४ लढती तपासल्या. त्यांपैकी जवळपास ३२ टक्के लढती डोक्यावरच्या आघातांनी संपल्या होत्या. लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या केंद्रात २०११ पासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूंचा दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. लढतीत बसणारे ठोसे खेळाचा भाग आहेत, सरावातले ठोसे मात्र आपल्या हातात आहेत. मॉन्ट्रियलच्या ट्रायस्टार व्यायामशाळेचे फिरास झहाबी यांनी उद्या पुन्हा सराव करता येईल एवढाच आजचा सराव, हा विचार रुजवला. माजी विजेते रॉबी लॉलर आणि मॅक्स हॉलोवे यांनी जोरदार स्पॅरिंग सोडूनही वरच्या पातळीवर लढती जिंकल्या. झहाबी यांचा शिष्य जॉर्ज सेंट-पिएर तर चपळाईसाठी जिम्नॅस्टिक्सकडे वळला. डोक्याला धक्का न लावता शरीर घडवण्याचे मार्ग भरपूर आहेत, हेच कंडिशनिंगच्या बाजूचे सर्वांत मोठे नैतिक समर्थन आहे.

वजन : मेहनतीवर पाणी फिरवणारा आठवडा

महिनोन्‌महिने घडवलेले शरीर अखेरच्या पाच दिवसांत वाळवून टाकण्याची प्रथा या खेळाचा सर्वांत मोठा दोष आहे. वजन आदल्या दिवशी केले जाते. म्हणून लढवय्ये सॉना, गरम पाण्याचे टब आणि पाणी तोडणे यांच्या आधाराने अंगातले पाणी काढतात आणि मग रात्रभर ते भरतात. ते पूर्ण भरते, ही समजूत चुकीची आहे. ऑस्ट्रेलियात ऑलिव्हर बार्ली आणि सहकाऱ्यांनी एमएमए लढवय्यांवर केलेल्या २०१८ च्या अभ्यासात अशा निर्जलीकरणानंतर चोवीस तास उलटल्यावरही पुन्हापुन्हा जोर लावण्याची क्षमता घटलेलीच होती.

त्याहून गंभीर किंमतही मोजली गेली आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण काही आठवड्यांच्या अंतराने वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलले. एमएमएमध्ये २०१३ मध्ये ब्राझीलचा लिआंद्रो सूझा आणि डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियान बिंग यांचा वजन उतरवतानाच मृत्यू झाला. यांगच्या मृत्यूनंतर आशियातल्या वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेने लघवीची घनता तपासून निर्जलीकरणाला अटकाव करणारी पद्धत आणली. यूएफसीतही ऑक्टोबर २०१५ पासून शिरेतून सलाइन घेऊन पाणी भरण्यावर बंदी आली.

भारतीयांना हा विषय ऑगस्ट २०२४ मध्ये अगदी घरात येऊन भिडला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचलेली विनेश फोगाट सुमारे १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली. ऑलिंपिक कुस्तीत दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. रात्रभर धावून आणि घाम काढूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत. प्रत्येक वजनगटाच्या खेळासाठी यातला धडा एकच आहे. योग्य गट कोणता, हा निर्णय शिबिराच्या पहिल्या दिवसाआधी, शरीरातली चरबी मोजून व्हायला हवा. चरबी आठवड्याला थोडी-थोडी, प्रथिने पुरेशी ठेवून उतरवावी. शेवटच्या दिवसांत फक्त चोथा आणि मीठ कमी करून जे सहज सुटेल तेवढेच सोडावे.

स्त्री लढवय्यांबाबत ही काळजी दुप्पट हवी. सततच्या उपासमारीने पाळी थांबते, हाडे कमजोर होतात आणि इजा वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून खेळाडूंमधल्या या ऊर्जाटंचाईकडे स्वतंत्रपणे लक्ष वेधले आहे. पाळी चुकणे हे मेहनतीचे प्रमाणपत्र मानणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती मुलगी देऊ नये, इतके स्पष्ट बोलायची वेळ आली आहे. आणि एमएमएवरचे बहुतेक अभ्यास पुरुषांवर, तेही मोजक्या संख्येच्या गटांवर झालेले आहेत. ही उणीव भरून निघणे निकडीचे आहे.

आपली तालीम आणि नवा पिंजरा

२०१७ मध्ये यूएफसीने लास वेगासला परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट उघडली, नंतर शांघाय आणि मेक्सिको सिटीतही. २०१७ मध्येच कुस्तीतून आलेला मुंबईचा भरत खंडारे यूएफसीत लढणारा पहिला भारतीय ठरला. शांघायच्या त्या लढतीत तो हरला, पण वाट उघडली. २०२३ मध्ये उत्तराखंडचा अंशुल जुबली रोड टू यूएफसी स्पर्धा जिंकून आत आला. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. आता महाराष्ट्रातल्या लहान शहरांतही पिंजऱ्याची स्वप्ने पाहणारी मुले आहेत.

त्यांच्याजवळ एक मोठी ठेव आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांना घडवणाऱ्या मातीत जोर, बैठका, दोर चढणे, मुद्गल फिरवणे, मल्लखांब आणि हौदातली माती उकरणे यांची परंपरा आहे. पकड, मान, खांदे आणि कंबर यांची कमाई करायला याहून स्वस्त साधने नाहीत. खुराक आणि आराम हेही मेहनतीचेच भाग, ही जाणीव तालमीला पिढ्यान्‌पिढ्या आहे. आधुनिक क्रीडाशास्त्र त्याच निष्कर्षावर येऊन पोचले आहे.

पण तालमीत भर घालण्यासारखेही पुष्कळ आहे. हजार बैठकांनी चिकाटी येते, कमाल ताकद त्यातून एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्यासाठी बार आणि वजन लागते. आठवड्याआठवड्याला भार थोडा चढवणे आणि मग ठरवून उतरवणे ही शिस्त लागते. एखाद्या कोल्हापूर किंवा सांगलीच्या मुलाचा लढत नसतानाचा आठवडा असा असू शकतो : दोन दिवस जड वजन, दोन दिवस संथ धावणे किंवा पोहणे, रोजचा तंत्राचा सराव, एकच दिवस मोजक्या फेऱ्यांचे स्पॅरिंग आणि एक पूर्ण सुटी. लढत जवळ आली की वजनाची सत्रे आखूड, उड्या आणि फेकी जास्त, झटक्यांचे काम मोजून. शेवटचे दोन आठवडे कामाचे प्रमाण खाली. याला परदेशी यंत्रणा लागत नाही. लागतात एक वही, एक घड्याळ आणि थांबायला सांगण्याचे धैर्य असलेला माणूस.

कुठे पोचलो आहोत

काही गोष्टी आता वादातीत म्हणाव्यात. ऑक्सिजनवरचा दम हा पाया, कमाल ताकद हा त्यावरचा मजला आणि वेगवान जोर हे त्याचे फळ. ताकदीचे काम थोडे पण वजनदार असावे. जास्त तीव्रतेचे काम खेळाच्या सरावातून आधीच मिळत असते, ते दुप्पट करू नये. लढतीआधी भार उतरवावा. वजन पाण्याने उतरवू नये. मानेचा व्यायाम, झोप आणि अन्न यांना इतर सत्रांइतकाच मान द्यावा. कोणत्या लढवय्याला यातले किती, कोणत्या आठवड्यात, हे मात्र मोजत, विचारत, बदलतच ठरवावे लागते. त्याचे तयार सूत्र कुठेही विकत मिळत नाही.

या खेळात येणारे तरुण बहुधा साध्या घरांतले असतात. शरीर हीच त्यांची पुंजी असते. प्रशिक्षकाला विश्वासाने दिलेली ही पुंजी दिखाऊ घामात आणि वाफाळत्या सॉनात उधळण्याचा अधिकार कुणालाही नाही. पालकांनी आणि लढवय्यांनी प्रशिक्षक निवडताना त्याने किती जणांना जमिनीवर लोळेपर्यंत पळवले, हे विचारू नये. त्याच्याकडचे किती जण वर्षानुवर्षे निरोगी राहून सुधारत गेले, इजेनंतर किती जण नीट परतले आणि किती जण वजन न वाळवता लढले, हे विचारावे. ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिलेली सापडतील, त्याच्याच हाती आपला मुलगा किंवा मुलगी सोपवावी.